पणजोबा गिरणीत, पणजी नोंदीत : साध्या घराण्याचा माग कसा काढायचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पणजोबा १९२० च्या आगेमागे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मुंबईला आले आणि गिरणीत लागले. त्यांच्या आधीचं कुणालाच सांगता येत नाही. त्यांचा एक भाऊ ‘लढाईवर गेला तो आलाच नाही’, एवढं एक वाक्य घरात उरलंय. पणजीचं माहेर कुठलं, लग्नाआधीचं नाव काय, कुणाला ठाऊक नाही. घराणं सरदार-इनामदारांचं नाही, तेव्हा कागद सापडण्याची आशा धरावी का, आणि सापडलेच तर त्यातून गोष्ट लिहायची कशी? शिवाय मोडी लिपी शिकावी लागेल का?

आशा जरूर धरा. साध्या माणसाचं नाव कागदावर कधी येतं? सरकारला त्याच्याकडून काही वसूल करायचं असतं तेव्हा, बांधावरून भांडण होतं तेव्हा, वारस ठरवायचे असतात तेव्हा, साथीत कुणी दगावतं तेव्हा, नाहीतर तो पलटणीत भरती होतो तेव्हा. म्हणून ‘आमच्या घराण्याचा इतिहास कुठे मिळेल’ असं विचारत फिरू नका. कुणीतरी तयार वंशावळ आणि वर कुळाचं बोधचिन्ह तुमच्या गळ्यात मारेल आणि मूळ पुरुष थेट चितोडला नेऊन ठेवेल. आमच्या माणसाला कुठे कुठे अंगठा उठवावा लागला असेल, असा विचार करा. त्या प्रत्येक ठिकाणी एक वही आहे किंवा होती.

पण दप्तरखान्याची पायरी चढण्याआधी घरातलं काम पुरं करा. लोक उलटं करतात. दोन दिवसांची रजा काढून तालुक्याला जातात, ‘आमचे जुने कागद द्या’ म्हणतात, आणि कारकून विचारतो, ‘गाव, सर्व्हे नंबर, साल?’ तिथेच गाडी अडते.

घरात पहिला प्रश्न विचारायचा तो सुतकाचा. गावाकडे कुणी गेलं की कोणकोणत्या घरांचं दहा दिवसांचं सुतक तुम्ही धरता आणि कोणत्या घरांचं तीन दिवसांचं? ज्यांना ‘आमचे पूर्वज कोण होते’ यावर एक शब्द सांगता येत नाही, त्या आजीबाई हे उत्तर झोपेतसुद्धा बिनचूक देतात. ही यादी म्हणजे तुमची भाऊकी. पाच-सहा पिढ्यांमागे एका बापाची असलेली घरं यात येतात, आणि त्यातल्या एखाद्या घरात तरी तुमच्यापेक्षा जास्त कागद असतात. जोडीला कुलदैवत, देवक, शिमग्याला पालखी कुणाच्या अंगणात आधी येते, गावच्या देवळात कोणता मान आहे, हेही लिहून घ्या. कोकणात मान हा हक्क असतो आणि हक्कावरून वाद होतात. वाद झाला की कागद होतो.

दुसरं, भांडी. माळ्यावरचे हंडे, कळशा, परात, तांब्या खाली काढा आणि काठ चिंचेने घासून बघा. पितळेच्या-तांब्याच्या भांड्यांवर नावं कोरून घ्यायची पद्धत होती. कुणाच्या स्मरणार्थ, कुणाकडून कुणाला, कधी गाव, कधी साल. लग्नात मामाने किंवा माहेरच्यांनी दिलेल्या भांड्यावर माहेरचं आडनाव हमखास असतं. अशी नावं वाचून कितीतरी पणज्यांची माहेरं कळतात. मोडीत घातलेलं भांडं मात्र परत मिळत नाही, म्हणून भाऊकीतल्या सगळ्यांना आजच फोन करा. आहेराच्या वह्याही तशाच. लग्नात कुणी किती आहेर केला, तो पुढे परत करायचा असतो म्हणून वहीत नाव आणि गाव नीट लिहिलेलं असतं. त्यात मुलीकडच्या बाजूची पानं शोधा.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना सुचते. भाऊकीत कुणी जातीचा दाखला किंवा जात पडताळणी केली असेल, तर त्याची फाईल मागा. पडताळणीसाठी वंशावळ जोडावी लागते आणि जुन्यात जुना पुरावा शोधावा लागतो, त्यामुळे कुणीतरी चुलतभावाने तुमचं निम्मं काम वीस वर्षांपूर्वीच केलेलं असतं. तीच गत मुंबईतल्या चाळीची. बीडीडी चाळ असो वा खासगी, पुनर्विकासात पात्रता सिद्ध करताना जमवलेल्या भाडेपावत्या आणि रेशनकार्डं एका पिशवीत पडून असतात. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करताना १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत काम केल्याचा पुरावा लागायचा. आजोबांनी अर्ज केला असेल तर त्या फाईलमध्ये गिरणीचा पास, हजेरीपत्र, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी असेल. बाप-लेक एकाच गिरणीत, बहुतेक वेळा एकाच खात्यात लागायचे, कारण जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, ओळखीशिवाय बदली कामगार म्हणूनसुद्धा कुणाला उभा करत नसे. म्हणून आजोबांच्या पासावरून पणजोबांच्या गिरणीचा अंदाज बांधता येतो.

मुंबईत गावाची खोली असेलच. एका गावचे वीस-पंचवीस पुरुष एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. त्या खोलीचं पुढे ग्रामस्थ मंडळ झालं. मंडळाच्या वर्गणीच्या वह्या बघा. देवळाच्या जीर्णोद्धाराला कुणी दोन रुपये दिले हे त्यात असतं, आणि पणजोबा अमुक साली मुंबईत होते हे सांगणारा कदाचित तेवढाच एक कागद असतो.

आता मुलाखती. ‘जुन्या काळचं सांगा’ म्हटलं की म्हातारी माणसं उपदेश तरी करतात नाहीतर महागाई सांगतात. बारीक आणि मूर्त विचारा. मुंबईहून बोटीने यायचात तेव्हा कोणत्या बंदराला उतरायचात? तिथून गाव किती चालावं लागे? तुमचं नाव बारशाला कुणाचं ठेवलं? आजीच्या माहेरचं कोण यायचं, येताना काय आणायचं? साल विचारू नका, घटना विचारा. ‘मानमोडीच्या तापात’ म्हणाल्या की ती १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. ‘रामदास बोट बुडाली तेव्हा मी पाळण्यात’ म्हणजे जुलै १९४७. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा’ म्हणजे डिसेंबर १९६७. शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेवर मात्र भरवसा ठेवू नका. महाराष्ट्रातली निम्मी जुनी पिढी १ जूनला जन्मलेली आहे ती गुरुजींच्या कृपेने.

हे हाती आलं की गावाकडे निघा.

रत्नागिरी जिल्ह्यात जमिनीचा कारभार बराचसा खोतीचा होता. सरकार खोताकडून सारा घेई आणि खोत कुळांकडून वसूल करी. तुमचे पूर्वज बहुधा कुळ असणार, खोत असते तर प्रश्न वेगळ्या सुरात आला असता. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. त्याआधी, १८८० च्या खोती कायद्याखाली, खोती गावांत बोतखत नावाचा दस्त तयार झाला होता आणि त्यात खोताबरोबर जमीन कसणाऱ्यांच्याही नोंदी आहेत. तो मिळाला तर उत्तम, पण सुरुवात तिथून नको. आजच्या सातबाऱ्यावरून मागे मागे जा. सातबाऱ्यावर फेरफारांचे, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींचे, क्रमांक वर्तुळात लिहिलेले असतात, त्यातला सगळ्यात जुना क्रमांक घ्या, तो फेरफार काढा, त्यात आधीच्या नोंदीचा उल्लेख असेल तिथून आणखी मागे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानंतर हक्कनोंदणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत गावोगाव या वह्या उघडल्या गेल्या. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आलेत. नसतील तर तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. अर्जात गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि सालाचा पल्ला लिहा. ‘आमच्या पूर्वजांची सर्व कागदपत्रे’ असा अर्ज परत येतो, आणि त्यात कारकुनाचा दोष नसतो.

कुळांच्या वंशजांना मी एक कागद आवर्जून शोधायला सांगतो, तो म्हणजे ‘बत्तीस ग’ची केस. कुळ कायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कसणारं कुळ कायद्याने मालक मानलं गेलं. किंमत ठरवण्यासाठी कलम ३२-ग खाली प्रत्येक कुळाची चौकशी झाली. त्या फाईलमध्ये कुळाचा जबाब असतो. जमीन आम्ही केव्हापासून कसतो, आधी वडील कसत होते, खोताला किती खंडी भात जाई, भाऊ मुंबईला असतो, असं सगळं. कोकणातल्या साध्या शेतकऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आणि सरकारने लिहून घेतलेलं दुसरं फारसं काही उरलेलं नाही. खाली अंगठा, आणि शेजारी ‘निशाणी डावा अंगठा’. माझ्या लेखी ही फाईल कुठल्याही सनदेपेक्षा मोलाची आहे. तुमचे पणजोबा मुंबईत असले तरी गावात राहिलेल्या भावाचा जबाब असू शकेल. म्हणूनच भाऊकीची यादी आधी करायची.

जुनी नोंद वाचताना एक घोळ ठरलेला. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे वहीत गोविंद बिन रामा (म्हणजे रामाचा मुलगा गोविंद), मग रामा बिन गोविंद, मग पुन्हा गोविंद बिन रामा असे लोक येतात. दोन गोविंद एकच समजले की मधल्या दोन पिढ्या गायब होतात. नावावरून माणूस ओळखू नका. सर्व्हे नंबर, बायकोचं नाव आणि साल या तिन्हींवरून ओळखा. आडनाव बहुतेक ठिकाणी नसतंच. ते शाळेत किंवा मुंबईत लागतं आणि तिथे बदलतंही. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ आणि शाळेत लागलेलं आंबडवेकर गावावरून, हे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तुमचं आजचं आडनावही गावच्या वहीत सापडलं नाही तर घाबरू नका.

कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, ही गावची जन्म-मृत्यूची वही. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याचं मोठं काम न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर झालं आणि तेव्हापासून या वह्या गावोगाव चर्चेत आल्या. काही जिल्ह्यांनी स्कॅन केलेली पानं संकेतस्थळांवर टाकली आहेत. त्या शोधात लोक एका शब्दासाठी पान बघत होते. तुम्ही पूर्ण पान बघा. जन्माच्या रकान्यात मुलाचं नाव बहुधा नसतं, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच, कारण नोंद बारशाआधी झालेली. मृत्यूच्या रकान्यात वय आणि कारण असतं. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं काढा. एका घरातून आठ-दहा दिवसांत तीन-तीन माणसं गेलेली दिसतात. पणजोबा १९२० च्या सुमारास गाव सोडून का निघाले, याचं उत्तर कदाचित त्या पानावर असेल. ‘कदाचित’ हा शब्द जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

लढाईवर गेलेला भाऊ सापडण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींत कोकणातले खूप जण होते. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले, आणि डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकले. अन्न संपलं, शरणागती झाली, आणि पुढे कैदेतही पुष्कळ मेले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची यादी शोधता येते. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. तुम्हाला बापाचं नाव आत्ता माहीत नाही, म्हणजे तुमच्या खापरपणजोबांचं नाव गावच्या वहीआधी कदाचित इथेच हाती लागेल. इंग्रजी स्पेलिंग मनाला येईल तसं असतं, त्यामुळे गावाच्या नावाचे चार-पाच अवतार करून बघा. माणसाच्या नावापेक्षा गावावरून शोधणं सोपं.

याच कमिशनने २०२१ साली एक अहवाल काढून मान्य केलं की अनेक ठिकाणी भारतीय शिपायांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झालं नाही. बसरा स्मारकावर भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचे फक्त आकडे. गावाकडेही बघा. देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीत एखादी संगमरवरी पाटी असते : या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. तिथेही बहुधा आकडाच. चुन्याच्या थराखाली गेलेल्या अशा पाट्या गावकऱ्यांनाच आठवत नाहीत. तुमच्या पणजोबांचा भाऊ कुठल्या तरी आकड्यात मोजला गेलाय. त्याला नाव देणं तुमच्या हातात आहे, आणि माझ्या मते या सगळ्या शोधातलं हे पहिलं काम असावं.

आता पणजी. सगळ्यात अवघड तीच, कारण आपल्याकडे लग्नात बाईचं आडनावच काय, पाळण्यातलं नावही बदललं जायचं. वहीत ती ‘अमुक कोम गोविंद’, म्हणजे गोविंदाची बायको, म्हणून येते, किंवा येतच नाही. छापील कुलवृत्तांतांतही पुरुषाच्या नावाखाली दहा ओळी आणि मुलीच्या नावापुढे सासरचं आडनाव, की विषय संपला. तिच्यापर्यंत सरळ रस्त्याने जाता येत नाही, वळसा घालावा लागतो.

पहिला वळसा वारस फेरफाराचा. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. पणजोबा त्यानंतर वारले असतील आणि गावाकडे त्यांच्या नावावर गुंठाभर जरी जमीन असेल, तर वारस म्हणून पणजी आणि मुली यांची नावं नोंदीत यायला हवीत. पुढे मुलींनी हक्कसोड केली असेल किंवा त्यांची नावं सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ढकलली असतील, पण फेरफारात त्या दिसतात, पुष्कळदा सासरच्या गावासह. त्या गावांना जा. मुलाच्या वंशाला आजीचं माहेर आठवत नसतं. मुलीच्या वंशाला ते आठवण्याची शक्यता जास्त, कारण ती आईबरोबर आजोळी गेलेली असते. आत्तापर्यंत तुम्ही फक्त आडनावाच्या लोकांना विचारलंय, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. आत्यांच्या नातवंडांना विचारा.

दुसरा वळसा पितरांच्या यादीचा. महालयात फक्त बाप-आजोबा-पणजोबा नसतात. आई, आजी, पणजी, आईकडचे तिघे, शिवाय चुलते, मामा, सासरे, सगळ्यांची नावं घेतली जातात. ज्या घरात ही रीत होती तिथे भटजींकडे किंवा घरातल्या एखाद्या पंचांगाच्या मागच्या पानावर यादी लिहिलेली सापडते. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवांच्या-पूर्वजांच्या प्रतिमा उठवलेले धातूचे पत्रे, बघा. काही घरांत गेलेल्या पहिल्या बायकोचा टाक असतो, आणि मग कळतं की जिला आपण पणजी म्हणतो ती दुसरी. हे इतक्या घरांत निघतं की ते गृहीत धरूनच चालावं.

तिसरा, सोयरिकीचा नकाशा. त्या काळी लग्नं पाच-दहा कोसांच्या आत, ठरलेल्या गावांशी व्हायची, आणि मामाच्या मुलीशी लग्न चालणाऱ्या समाजांत तर सून पुष्कळदा सासूच्याच माहेरची असे. पणजीच्या सुनांची, जावांची, नणंदांची गावं कागदावर खुणावलीत की दोन-तीन गावं वारंवार येतात. त्या गावांत पणजीच्या माहेराचा शोध घ्या. बायकांच्या ओव्याही ऐका. जात्यावरच्या ओवीत माहेरचं गाव, भावाचं नाव, वाटेतली नदी, सगळं येतं. पुणे जिल्ह्यात सुरू झालेल्या संग्रहाच्या कामात अशा लाखभराहून अधिक ओव्या जमल्या, यावरून बायकांच्या आठवणीत केवढं साठलेलं असतं ते कळेल. तुमच्या घरातली नव्वदीची आत्या दळताना काय म्हणायची, ते कुणी टिपलंय का?

रत्नागिरीबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. मराठवाड्यात जुने कागद उर्दूत आणि साल फसली या महसुली सनात. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येतो. विदर्भात मिसल (जमीन बंदोबस्ताची जुनी नोंद) आणि अधिकार अभिलेख मागा. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे हेळवी, म्हणजे वंशावळी सांभाळणारे फिरस्ते, बैल घेऊन दारात येतात आणि वहीतून पिढ्या वाचून दाखवतात. ते आले की धान्य देऊन वाटेला लावू नका, बसवून घ्या, ध्वनिमुद्रण करा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावावर आणि आडनावावर नोंदी असतात. अस्थी घेऊन नाशिकला गेलेलं कुणी असेल, तर त्यांची सही किंवा अंगठा तिथे मिळू शकतो. गोव्याकडून आलेल्यांनी पणजी शहरातल्या पुराभिलेखागारातली गावकारीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची, कागदपत्रं बघावीत. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांचे मजुरीकरारावर आलेल्या पूर्वजांचे कागद मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, आणि त्यात गावाचं नाव असतं. उलट दिशेने, कोकण-साताऱ्यातल्या ज्या घरात ‘एक जण मिरीच देशाला गेला’ असं सांगतात, त्यांनीही तिथे चौकशी करावी. डीएनए चाचणीबद्दल हल्ली फार विचारतात. तिने चुलत भावंडं सापडू शकतात; गाव सापडत नाही, आणि पणजीचं नाव तर नाहीच.

लिहिण्याचं काय, हा तुमचा प्रश्न शोधाइतकाच मोठा आहे.

लोक दोन टोकांना जातात. एक तर नुसता तक्ता करतात, जो घरातलं कुणी वाचत नाही. नाहीतर कादंबरी लिहितात : ‘पहाटेच्या काळोखात काशीने डोळे पुसले आणि बोटीत पाऊल ठेवलं.’ डोळे पुसले हे तुम्हाला कुणी सांगितलं? पुढच्या पिढीला यातलं खरं किती ते कळणार नाही, आणि मग खरं तेही खोट्यात जमा होईल. मी सांगतो ती रीत साधी आहे. कागद काय म्हणतो, घरात काय म्हणतात आणि मला काय वाटतं, ही तीन सुतं वाक्यातच वेगळी दिसली पाहिजेत. समजा पणजीचं नाव काशी निघालं. मग लिहा : ‘१९५८ च्या वारस फेरफारात काशीचं नाव पहिल्यांदा येतं, नवऱ्याच्या मृत्यूनंतर, तिन्ही मुलांच्या नावांखाली. तोवर ती कमीत कमी पस्तीस वर्षं या घरात होती. ती मुंबईला कधी राहिली नाही असं धाकटी आत्या सांगते. थोरल्या काकांच्या मते दोन वर्षं राहिली आणि खोलीतल्या बारा माणसांचं जेवण करायची. फेरफारावर तिचा अंगठा आहे, म्हणजे त्या दिवशी ती गावात हजर असावी.’ यात एकही अश्रू नाही, तरी बाई उभी राहते. दोन साक्षी जुळत नसतील तर दोन्ही लिहा. निकाल देण्याची घाई नको.

भोवतालची माहिती भरपूर घाला, पण ती खरी असू द्या. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा इंग्रजी गॅझेटिअर १८८० साली निघाला. गावात काय पिके, बाजार कुठे, बोट कुठे लागे, मजुरी काय, हे त्यात आहे. त्याने पणजोबांच्या आजोबांचं जग उभं राहतं. जुन्या ‘केसरी’च्या अंकांतून पावसाच्या आणि साथींच्या बातम्या मिळतात. ‘नाचणीची भाकरी खाऊन ते मोठे झाले’ हे अनुमान गॅझेटिअरच्या आधाराने करता येतं. ‘त्यांना गिरणीचा भोंगा आवडत नसे’ हे करता येत नाही.

नको ते निघेल, त्याची तयारी ठेवा. कर्जापायी गहाण पडलेली जमीन, टाकलेली बायको, दुसऱ्या घराला केलेला अन्याय, आपल्याच माणसाने महारवाड्यातल्या कुणावर केलेली फिर्याद. आपण अन्याय सोसणारेच निघू असं नसतं. मेलेल्यांबद्दलचं खरं लिहा. हयात माणसांच्या अब्रूचा प्रश्न असेल तिथे त्यांना विचारा, आणि ते नाही म्हणाले तर पान लिहून बंद पाकिटात ठेवा. पानिपताबद्दल मात्र एक विनंती : कागद नसेल तर तुमच्या पूर्वजाला तिथे पाठवू नका. घरोघरी सांगतात तेवढे पूर्वज खरोखर गेले असते तर लढाईचा निकाल वेगळा लागला असता.

राहिली मोडी. पुराभिलेख विभाग आणि काही संस्था तिचे छोटे अभ्यासवर्ग घेतात, जमलं तर करा. पण तुमचा बहुतेक शोध १९०० नंतरचा आहे आणि त्यातला मोठा भाग बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, मिळेल. मोडी लागेल ती कोतवाल बुकाच्या जुन्या पानांना आणि त्यामागच्या कागदांना. तेवढ्यासाठी आधी एक कार्ड करा. गावाचं नाव, वाडीचं नाव, घरात फिरून येणारी सहा-सात नावं आणि जात, एवढं कुणाकडून तरी मोडीत लिहून घ्या आणि डोळ्यांना त्याची सवय करा. मोडीत आधी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली असतात, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पाठ नसतो, त्यामुळे वाचायला वेळ लागतो. पण ओळखीचं नाव शोधायला तितका लागत नाही. नाव दिसलं की पानाचा सरळ, चांगल्या उजेडातला फोटो काढा आणि जाणकाराकडून वाचून घ्या. वाचणाऱ्याला सांगा की आमचीच ओळ नको, वरच्या-खालच्या ओळींसकट पूर्ण पान हवं. त्या ओळींत शेजारची घरं असतात, आणि सुतकाच्या यादीतली निम्मी नावं तुम्हाला तिथेच भेटतील.